पातळ तेलाचे वैरी

गाडीचं बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढून काढायची, तिच्या टोकाचं तेल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यायचं आणि ती चिमूट कानाजवळ नेऊन, डोळे मिटून, सावकाश चोळायची. तुम्ही-आम्ही तेल बघतो, फार तर वास घेतो. आमचे शेठ तेल ऐकायचे. गाडीचा मालक समोर असा उभा, जसा लेकीची पत्रिका दाखवायला आलेला बाप. रस्त्यावरची वाहतूक थांबायची, कावळे गप्प व्हायचे, समोरच्या हॉटेलातला भजीवाला झारा कढईत तसाच धरून ठेवायचा. मग शेठ डोळे उघडून निकाल द्यायचे.

"पातळ हाय."

उभ्या हयातीत त्यांच्या कानाला कुठलंही तेल जाड ऐकू आलं नाही. त्यांच्याच दुकानातून आदल्या दिवशी भरलेलं तेल दुसऱ्या दिवशी नव्या गाडीतलं म्हणून कुणी दाखवलं, तरी ते पातळच निघायचं. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. फरक एवढाच, की तुमचा माणूस राजकारणावर बोलत असेल. आमचे इंजिन ऑईलवर बोलायचे, त्यामुळे नुकसान लगेच दिसायचं.

पेणमध्ये रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं ऑईलचं दुकान आणि माझं बॅटरीचं, मध्ये एक भिंत. भिंत कसली, पडदाच. पलीकडे शेठना उचकी लागली की इकडे मी पाणी प्यायचो. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय रे बॅटरी!" एवढंच. म्हणून मीही त्यांचं नाव इथे सांगत नाही. फिट्टंफाट.

आता तेलाच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते तुम्ही बघितलं असेलच. दोन आकडे आणि मध्ये इंग्रजी डब्ल्यू. पहिला आकडा सांगतो की गाडी थंड असताना तेल किती चटकन वाहतं. दुसरा सांगतो की इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं. आकडा लहान तितकं तेल पातळ. कुठल्या इंजिनला कुठला आकडा, हे ज्यांनी इंजिन बनवलं ते गाडीबरोबरच्या पुस्तकात छापून देतात. एवढं साधं. शेठच्या दुकानात मात्र आकडा एकच होता, ट्वेंटी-फिफ्टी. तो डिझेल जीपला, तो सहा आसनी रिक्षाला, तोच धाटावच्या कारखान्यांत शिफ्टचे कामगार नेणाऱ्या बसला आणि तोच कुरकुरणाऱ्या दुकानाच्या शटरला.

"अहो शेठ, पुस्तकात दुसरं लिहिलंय," कुणी म्हटलं तर उत्तर तयार असायचं.

"पुस्तक लिवनारा पेणला आलावता काय? तो डब्ल्यू थंडीचा. आपल्याकडं थंडी कवा पडते? माझी गोधडी लग्नातली हाय, अजून घडी मोडली नाय. मग तो पयला आकडा खोडून टाक. आन दुसरा जितका मोठा तितकं इंजिन सुखी."

यातलं थंडीचं अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड, म्हणून कुणी घालत नसे.

ते तेल तरी किती जाड! सकाळी डबा उपडा करून नरसाळ्यावर ठेवला की शेठ जेवून, वामकुक्षी करून, एक लग्न लावून परत यायचे, तेव्हा कुठे पहिला थेंब खाली बघत असायचा, पडू की नको. एकदा एक माशी त्यावर बसली. पुढल्या वर्षीही ती तिथेच होती आणि तब्येतीने बरी होती. पण एक मान्य केलं पाहिजे. आमच्याकडच्या जुन्या, घासून घासून ढिल्या झालेल्या जीपा निळा धूर ओकत फिरायच्या, त्यांना शेठचं तेल पाजलं की धूर बंद. इतका बंद, की खाडीकडच्या एका गावात डास वाढले आणि गावकरी शेठकडे तक्रार घेऊन आले.

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे शेठचा खरा सीझन. हमरापूरहून मूर्ती घेऊन निघालेली गाडी तुम्ही पाहिली असेल. नसेल तर उभी आहे असं समजून तुम्ही पुढे गेला असाल. ती चालत असते. आतल्या बाप्पाच्या बोटाला धक्का लागू नये म्हणून पहिल्या गिअरमध्ये, आमच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा चहापाणी विचारत विचारत. अशा चालीने इंजिन तापतं, म्हातारं इंजिन तर भाजूनच निघतं. त्यामुळे मूर्ती भरण्याआधी शेठकडे तेल बदलायचं ही आमच्याकडे रीतच पडली होती. शेठ तेल ओतताना "मोरया" म्हणायचे, मागे उभे असलेले सगळे "मोरया" म्हणायचे. तेलाच्या दुकानात आरती तेवढी व्हायची बाकी होती. आणि त्यांच्या तेलावर निघालेल्या गाडीतली मूर्ती वाटेत दुखावली असं कधी ऐकलं नाही. हे तेलामुळे की त्या चालीमुळे, हे विचारायची हिंमत फक्त एका व्यक्तीत होती.

ती म्हणजे वैनी. शेठची बायको. हमरापूरच्या एका कारखान्यात मूर्तींचे डोळे काढायच्या. शेकडो मूर्ती रंगून रांगेत उभ्या राहायच्या आणि वैनी शेवटी हातात बारीक ब्रश घेऊन यायच्या. त्यांनी डोळा काढला की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागायची. त्या स्वतः बघायला लागल्या की शेठ दुसरीकडे बघायला लागायचे. आवाज असा, की कारखान्यातून हाक मारली तर पेणच्या स्टँडवर रोह्याची एसटी थांबायची.

वैनींचं माहेर रोह्याला, कुंडलिकेच्या काठी. लग्न झाल्यापासून त्या माहेरी जायच्या त्या शेठच्या जीपमधून, दोन्ही बाजूंना ऑईलचे डबे आणि मांडीवर नरसाळं घेऊन. तेही शेठना सवड झाली तर. "बघू पुढच्या आठवड्यात," हे शेठचं दुसरं आवडतं वाक्य. माहेरी भाऊ आणि भावजय. वैनींची आई गेली तेव्हाही आधी पुढचा आठवडा आला होता, मग त्या पोचल्या. त्याबद्दल वैनी कधी बोलल्या नाहीत. ज्या बाई प्रत्येक गोष्टीबद्दल बोलायच्या, त्या याबद्दल बोलल्या नाहीत.

आणि एक दिवस, ज्या वयात बायका गुडघ्यांचे डॉक्टर बदलतात, त्या वयात वैनींनी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकवणारा आधी सडपातळ होता, नंतर दिसेनासाच झाला. पण वैनी शिकल्या. मग स्वतःच्या कमाईतून लहानशी नवीकोरी पेट्रोल गाडी घेतली आणि जाहीर केलं, "यंदा भावाचा गणपती माझ्या गाडीतून जानार. मी चालवनार. एकदा ही गाडी भिसे खिंड चढून रोह्याला धड पोचली, की मग मी कवाबी जाईन. कुनाच्या सवडीची वाट नाय बघनार."

शेठ माझ्याकडे बघून हसले. "आन वाटंत बसली तर?"

"तर पुन्ना तुमची जीप, आन मांडीवर तुमचं नरसाळं. झालं?"

"झालं," शेठ म्हणाले. त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी या पैजेवर ते हसतच राहिले असते.

त्या नव्या गाडीच्या पुस्तकात तेलाचा आकडा होता झीरो-ट्वेंटी. वैनींनी तो दुकानात मोठ्याने वाचून दाखवला. कुणाच्या घरातलं वाईट कळावं तसं गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. शेठनी डिपस्टिक काढून ते तेल कानाला लावलं आणि खरोखर दचकले.

"गो, ह्यात आवाजच नाय! हे तेल हाय का तीर्थ?"

"डोळ्याला लावायचा रंगबी असाच पातळ लागतो," वैनी म्हणाल्या. "पितांबराचा जाड रंग घेऊन डोळा काढाया गेलं तर ब्रश हलत नाय, बाप्पा चकना होतो. ही गाडी डोळ्यासारखी बारीक बनवलीय. हिला तुमचा पितांबर नको."

मी टाळी वाजवली. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या दुकानातल्या दोन बॅटऱ्या उतरल्या.

मूर्ती न्यायच्या आदल्या दिवशी वैनी हमरापूरला शेवटचे डोळे काढत बसल्या होत्या. इकडे शेठनी गाडी दुकानामागच्या अंगणात नेली. मी विचारलं तर म्हणाले, "धुतोय." मला तिथेच शंका यायला हवी होती. या माणसाने जन्मात गाडी धुतली नव्हती. जीपवरचा चिखल काढला तर आतली जीप पडेल, असं त्यांचं मत होतं. पण अंगणात बादली होती, शेठच्या हातात फडकं होतं आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हमरापूरहून निघालो. वैनी चालवायला, शेजारी शेठ आणि मागे मी, मांडीवर बाप्पा. मूर्ती शाडूची, दीड फुटाची, वजन माझ्या मांडीच्या मते दोन टन. स्थापनेपर्यंत चेहरा झाकायचा म्हणून बाप्पाच्या तोंडावर रुमाल आणि हसू दिसू नये म्हणून माझ्याही तोंडावर रुमाल.

पेण गेलं. सुरुवातीलाच गाडी जरा खडखडली होती, मग रडतखडत चालली. वैनी पाय दाबायच्या, गाडी विचार करायची. वडखळ गेलं. शेठ खिडकीबाहेर बघत होते. ज्यांना घाईने मागे पळणारी झाडं कधी आवडली नाहीत त्यांना आज झाडं निवांत मोजता येत होती. आणि नागोठणं जवळ आलं तेव्हा वैनींच्या समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडीची ओढच गेली. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला, वर नमस्कारही करून गेला. बाप्पाला.

वैनींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. पुढे भिसे खिंडीचा चढ आणि मागे वळायची सोय नाही, कारण निघालेला बाप्पा परत न्यायचा नसतो. रोह्याला भाऊ पाट मांडून बसलेला.

"बसली का?" शेठ म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. हे मला विचित्र वाटलं.

वैनी उतरल्या. बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढली. तेल कानाला लावलं नाही. पर्समधून डोळ्यांचा ब्रश काढला, तेलात बुडवला आणि गाडीतल्या वर्तमानपत्रावर एक रेघ ओढली. रेघ सुरू झाली तिथेच गोळा होऊन बसली.

त्यांनी ते वर्तमानपत्र शेठच्या खिडकीसमोर धरलं.

"अवो. हे काय हाय?"

शेठनी ते पुष्कळ वेळ वाचलं, जसं काही वरच्या बातम्याच वाचत होते.

"गाडी पयल्या गिअरात जानार म्हनून..." ते म्हणाले. "बाप्पासाठी घातलं गो."

"बाप्पाचं नाव घेऊ नका. तो मागं बसून ऐकतोय."

नागोठण्यात एक गॅरेज होतं. तिथवर गाडी कशीबशी रांगली. गॅरेजवाल्याने कुठलंसं यंत्र जोडून बघितलं आणि म्हणाला, आत तेलाच्या जोरावर हलणारे भाग आहेत, या जाड तेलाने ते वेळेवर हलत नाहीत म्हणून दिवा लागतो. इंजिनला अजून काही झालेलं नाही. तेल काढू, फिल्टर बदलू, झीरो-ट्वेंटी भरू. फक्त तेल शेजारच्या दुकानातून आणावं लागेल.

"जावा," वैनी शेठना म्हणाल्या.

"मी?"

"मग काय बाप्पा जाईल?"

वाचकहो, मी आयुष्यात बरंच पाहिलंय. पण आमचे शेठ दुसऱ्याच्या ऑईलच्या दुकानात पातळ तेल मागायला चाललेत, हे दृश्य बघायला मी दोन टनांचा बाप्पा कडेवर घेऊन गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिलो. बाप्पाला मधेच खाली ठेवायचं नाही आणि मला हे चुकवायचं नाही, दोन्ही साधलं. पेण ते रोहा पट्ट्यात शेठना न ओळखणारा ऑईलवाला जन्मला नव्हता. त्यांना येताना बघूनच तो काउंटरवर उभा राहिला.

"शेठ! तुमी? या या. काय सेवा करू?"

शेठ काहीतरी पुटपुटले.

"आं?"

"झीरो-ट्वेंटी," शेठ म्हणाले.

दुकानदाराने आधी आभाळाकडे पाहिलं, मग शेठच्या कपाळाला हात लावून बघावा का, असा विचार केलेला मला गॅरेजच्या दारातून दिसला. "तुमाला? पातळ?"

"पाव्हन्यांना पायजे," शेठ म्हणाले आणि डबा छातीशी उलटा धरून, आकडा आतल्या बाजूला करून परत आले.

तेल निथळत होतं. वैनी लांब बाकावर पाठ करून बसल्या होत्या. शेठ माझ्याजवळ येऊन उभे राहिले, बाप्पाच्या रुमालाचं सुटलेलं टोक त्यांनी नीट खोचलं.

"बॅटरी," ते हळू म्हणाले, "जाड तेलानं गाडी जरा दमानं चालते रे. हिला पळवायची हौस. रस्ता असा." मग थोडं थांबून, "आन पळायला लागली, की मंग ही कशाला माझ्या जीपमदी बसंल?"

मी बाप्पाला दुसऱ्या कडेवर घेतलं. माझा हात भरून आला होता, म्हणून. बाप्पाच्या वजनाने.

गाडी सुरू झाली. दिवा गेला होता. शेठ रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. "मी एसटीनं पेणला जातो," म्हणाले. वैनी इंजिन चालू ठेवून समोर बघत होत्या. पैज तुटली की टिकली, हे कोण ठरवणार होतं? त्यांनी हात लांब करून डावा दरवाजा आतून उघडला.

"बसताय का हवा जाऊ देऊ एसीची?"

शेठ बसले. भिसे खिंडीचा चढ लागला. गाडी अशी चढली, की माझ्या पोटातला चहा पेणला परत जायला निघाला. शेठ मान वाकडी करून कान पुढे करून बसलेले.

"गो, इंजिनचा आवाज येत नाय."

"नाय येत. बरं चाललं की आवाज येत नाय. तुमाला सवय नाय त्याची."

रोह्याला भावाच्या गल्लीत सगळे वाट बघत उभे. "एवढा उशीर?" भावाने विचारलं. शेठनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उभ्या गल्लीत तेल सांडतंय.

"ह्या बॅटरीवाल्याला गाडी लागली," वैनी म्हणाल्या. "वाटंत तीनदा थांबलो."

झालं. त्या घरात मला आजही कुणी लिंबू दिल्याशिवाय बसू देत नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी वैनींकडे पाहिलं, आणि तसं पाहताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर दुकानात, खालच्या फळीवर, पोत्याखाली झीरो-ट्वेंटीचा एक डबा आला. कुणी मागितला तर शेठ सांगायचे, "तो विकायचा नाय, घरचा हाय." जगाला ट्वेंटी-फिफ्टीच. वैनींच्या गाडीचं तेल शेठ स्वतःच बदलायचे, शटर अर्धं ओढून, जसं काही आत जुगार चालला होता.

पुढे शेठची जीप गेली, मग गुडघे गेले. जीपला पर्याय होता. वैनी दर शनिवारी रोह्याला जायला लागल्या आणि शेजारी शेठ. वाटभर कुरकुर. पण मेव्हण्याच्या दारात पोचले की मेव्हणा धावत येऊन डावा दरवाजा उघडायचा, हात द्यायचा, भावजय सोलकढी आणायची, पोरं पाय चेपायची. शेठ ओटीवर पाय पसरून नदीकडे तोंड करून बसायचे. शुक्रवार आला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "गो, उद्या जायचं ना?" आणि वैनी म्हणायच्या, "बघू पुढच्या आठवड्यात." मग दोघं हसायची. एवढं माहेरपण तर लग्नानंतर कुठल्या मुलीला मिळालं नसेल.

यंदा पावसाळ्याआधी शेठ गेले. फारसा त्रास न देता, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. दुकान बंद आहे. भिंतीपलीकडून काही येत नाही आणि उचकी लागली तर ती माझीच असते.

परवा शनिवारी वैनी मला म्हणाल्या, "चल रे, रोह्याला येतोस?" मी मागेच बसलो. पुढे बसायचं माझ्या मनात आलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही. त्या भराभर गाडी चालवत होत्या, एसटीवाल्याला शिव्या देत होत्या, सगळं होतं तसं होतं. गल्लीत गाडी थांबली. मेव्हणा ओटीवरून धावत आला, त्याने डावा दरवाजा उघडला आणि वाकून हात पुढे केला.

तो तसाच वाकलेला राहिला. सीटवर वैनींची पर्स होती.

"मागचं उघड रे," वैनी म्हणाल्या. "हा बॅटरीवाला हाय मागं. लिंबू आन याच्यासाठी."

"व्हय," तो म्हणाला. त्याने पर्स उचलून दोन्ही हातांत धरली आणि दरवाजा लागल्याचा आवाज होऊ नये इतका हळू लावला.